छत्तीस कॅप्सूलचा हिशेब

18 ग्रॅम म्हणजे 500 मिलिग्रॅमच्या 36 कॅप्सूल, आणि त्याही रोज. इनॉसिटॉलचं नाव लिहिलेला कागद घेऊन कुणी आई किंवा वडील आमच्या दुकानात आले, की मी हा हिशेब आधी त्यांच्यापुढे मांडते. मुलगा स्वमग्न असतो. नळ पुन्हा पुन्हा बंद करतो, चपला सरळ झाल्याशिवाय जेवायला बसत नाही, एकच प्रश्न दिवसभर विचारतो. कुणीतरी सांगितलेलं असतं, की हे जीवनसत्त्वासारखंच आहे, गोड लागतं, अपाय काही नाही आणि मंत्रचळ उतरतो. या वाक्यातला थोडा भाग खरा आहे. म्हणून त्याचा इतिहास सांगणं मला गरजेचं वाटतं.

मिरजेत आमचं औषधांचं दुकान वडिलांपासूनचं. डॉ. विल्यम वॉनलेस यांनी 1894 साली इथे इस्पितळ काढलं, तेव्हापासून हे दवाखान्यांचं गाव आहे. जत, अथणी, चिकोडीहून माणसं पहाटेच्या गाडीने येतात आणि संध्याकाळी औषधांच्या पिशव्या घेऊन परततात. त्यांच्या हातातल्या चिठ्ठ्यांवरून मला काळ ओळखता येतो. नव्वदच्या दशकात अमेरिकेतल्या नातेवाइकाने हवाई टपालाच्या पत्रातून उतरवून पाठवलेली नावं यायची. पुढे सायबर कॅफेतून छापून आणलेले कागद आले. आता मोबाइलवरचा फोटो समोर धरतात. नावं बदलत गेली. विचारणाऱ्यांच्या चेहऱ्यावरची आशा मात्र तशीच राहिली.

माझा धाकटा भाऊ विनू स्वमग्न आहे. तो लहान असताना आमच्याकडे हा शब्द कुणी उच्चारला नव्हता. शाळेने ‘मंद’ म्हटलं आणि विषय संपवला. आज तो पन्नाशीकडे झुकला आहे आणि रोज सकाळी माझ्याबरोबर दुकानात येतो. गोळ्यांची खोकी तो मांडणीवर लावतो. प्रत्येकाचं नाव समोर, प्रत्येकाची कड फळीच्या कडेशी अगदी जुळलेली. एखादं खोकं बोटभर आत गेलं असेल तर ते तो पुढे ओढतो, लांब उभा राहून बघतो आणि स्वतःशीच गुणगुणतो. तोच विनू रात्री गॅसच्या बटणापाशी उभा राहतो. बटण बंद असतं, ते त्याला दिसतं, हातालाही कळतं. तरी तो पुन्हा हात लावतो, कपाळाला घाम येतो, ‘अक्का, बंद ना? अक्का, बंद ना?’ असं विचारत राहतो. बघणाऱ्याला दोन्ही कृती सारख्याच वाटतील. सकाळच्या कृतीने त्याला आनंद मिळतो आणि रात्रीची त्याला छळते. गेल्या ऐंशी वर्षांतल्या कित्येक उपायांची गल्लत नेमकी या दोहोंमधल्या फरकापाशी झाली आहे.

सुरुवात अमेरिकेत, मिसिसिपी राज्यातल्या फॉरेस्ट नावाच्या छोट्या गावात झाली. तिथल्या एका वकिलाने 1938 साली आपल्या मुलाबद्दल 33 पानांचं टंकलिखित पत्र बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स इस्पितळातल्या डॉ. लिओ कॅनर यांना पाठवलं. त्या मुलाचं नाव डोनाल्ड ट्रिपलेट. फिरणाऱ्या वस्तूंचा त्याला ध्यास होता आणि ठरलेला क्रम कुणी मोडला की तो बिथरायचा. कॅनर यांनी 1943 साली अशा अकरा मुलांवरचा निबंध प्रसिद्ध केला. त्यात त्यांनी दोन गोष्टी ठळकपणे मांडल्या: मुलांचं एकटेपण, आणि सगळं होतं तसंच राहावं हा त्यांचा आग्रह. या आग्रहाचं वर्णन करताना त्यांनी ‘ऑब्सेसिव्ह’ हे विशेषण वापरलं. तेव्हापासून स्वमग्नता आणि मंत्रचळ ही दोन दुखणी वैद्यकाच्या बोलण्यात एकमेकांशेजारी बसली.

पुढची वीसेक वर्षं आयांना फार कठीण गेली. आईच्या थंडपणामुळे मूल असं होतं, हा समज पसरला आणि ब्रूनो बेटलहाइम यांनी 1967 च्या आपल्या पुस्तकातून त्याला आणखी बळ दिलं. दोष घरात असेल तर मुलाला घरापासून दूर ठेवणं हाच उपचार ठरतो. ज्या बाईने रात्र रात्र जागून मूल सांभाळलं, तिलाच कारण ठरवायचं, याहून मोठा अन्याय मला या सगळ्या इतिहासात दिसत नाही.

तो समज मोडून काढणारा माणूसही एका स्वमग्न मुलाचा बाप होता. बर्नार्ड रिमलँड हे सॅन दिएगोला अमेरिकन नौदलात मानसशास्त्रज्ञ होते. त्यांचा मुलगा मार्क 1956 साली जन्मला. नोकरी सांभाळून त्यांनी मिळेल ते वाचलं आणि 1964 साली पुस्तक लिहिलं. ही मेंदूच्या घडणीची बाब आहे, आईच्या मायेची नाही, असं त्यांनी त्यात साधार मांडलं. प्रस्तावना खुद्द कॅनर यांची होती. पुस्तकाच्या शेवटी पालकांसाठी एक प्रश्नावली जोडली होती. ती भरून देशभरातून पत्रं येऊ लागली, आणि त्यांत काही पालकांनी लिहिलं, की अमुक जीवनसत्त्व दिल्यावर मुलात फरक पडला.

तो काळच जीवनसत्त्वांचा होता. कॅनडात एब्रम हॉफर आणि हम्फ्री ऑस्मंड यांनी पन्नासच्या दशकात स्किझोफ्रेनियासाठी नायसिनचे मोठे डोस वापरले होते. दोनदा नोबेल मिळवलेल्या लायनस पॉलिंग यांनी 1968 साली त्या विचाराला शास्त्रीय नाव दिलं. अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेने 1973 साली तो दावा नाकारला, पण पालकांपर्यंत नकार पोहोचायला नेहमीच उशीर होतो. रिमलँड यांनी पत्रांतून एक नाव वेचलं: ब-6, म्हणजे पिरिडॉक्सिन. ज्या मुलांना त्याचा उपयोग झाल्यासारखा वाटत होता अशा सोळा मुलांवर त्यांनी सहकाऱ्यांसह आंधळी चाचणी घेतली. जीवनसत्त्व काढून घेतल्यावर मुलांचं वागणं बिघडलं, असा निष्कर्ष 1978 साली छापून आला. मोठ्या डोसाने चिडचिड वाढते, आवाज सोसत नाही, अंथरूण ओलं होतं, असं दिसल्यावर त्यात मॅग्नेशियम घातलं गेलं. फ्रान्समध्ये तूर शहरातल्या गिल्बर्ट ललोर यांनीही या जोडीवर काम केलं. ब-6 आणि मॅग्नेशियमची डबी पुढे जगभर गेली.

माझ्या धंद्यात ब-6 हे रोजचं औषध. वॉनलेसवाडीला क्षयरोग्यांचं सॅनिटोरियम होतं, त्यामुळे मिरजेच्या दुकानदारांना ते फार पूर्वीपासून ठाऊक. क्षयावरच्या आयसोनियाझिडने हातापायाला मुंग्या येतात, नसा दुखावतात. त्या वाचवायला सोबत ब-6 देतात. पण डोस फक्त काही मिलिग्रॅमचा. हेच जीवनसत्त्व ग्रॅमच्या मापाने घेणाऱ्या सात जणांची हकिकत 1983 साली अमेरिकेत प्रसिद्ध झाली. रोज 2 ते 6 ग्रॅम घेऊन त्यांच्या हातापायांची जाणीव गेली होती आणि चालताना तोल जात होता. जे थोडं घेतलं तर नस राखतं, तेच फार झालं तर नस मारतं. जीवनसत्त्व आहे म्हणून कितीही चालेल, असं मला कुणी म्हणालं की मी ही गोष्ट सांगते. आणि स्वमग्नतेवर त्याचा उपयोग? 2005 साली सगळ्या चांगल्या चाचण्या एकत्र तपासल्या गेल्या. हाती लागल्या तीन, आणि त्यांतली माणसं मिळून तेहतीस. एवढ्यावर कुणाला काही सुचवता येणार नाही, असा निर्वाळा निघाला.

रिमलँड यांच्याबद्दल मला आदर आहे. त्यांनी आयांच्या डोक्यावरचं ओझं उतरवलं. पण ज्या पत्रांनी त्यांना बळ दिलं, त्यांतच एक सापळा होता. स्वमग्न माणसाचा त्रास लाटांसारखा चढतो आणि उतरतो. शाळा सुटते, पाहुणे येतात, दात दुखतो, झोप मोडते, आणि वारंवारचं तपासणं, विचारणं वाढत जातं. ते अगदी असह्य झालं की घरचे नवा उपाय शोधतात. म्हणजे उपाय नेहमी लाटेच्या माथ्यावर सुरू होतो. त्यानंतर लाट आपोआप ओसरते आणि श्रेय डबीला जातं. पालक खोटं बोलत नसतात. त्यांना दिसलेला फरक खराच असतो. तो कशामुळे पडला हे एका घरात बसून ठरवता येत नाही, म्हणून निम्म्या मुलांना औषध आणि निम्म्यांना तशीच दिसणारी रिकामी गोळी देऊन बघावं लागतं.

1989 साली ज्युडिथ रॅपोपोर्ट यांनी सतत हात धुणाऱ्या मुलांवरचं पुस्तक लिहिलं आणि मंत्रचळ हा आजार घराघरांत माहीत झाला. सेरोटोनिनवर काम करणारं क्लोमिप्रामिन त्यावर चालतं, हे तोवर दिसलं होतं. मग साहजिकच विचार आला, की स्वमग्न मुलांचं पुन्हा पुन्हा करणं हा त्याच आजाराचा भाऊ असेल, तर औषधही तेच चालावं. 1993 साली अमेरिकेच्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेत स्वमग्न मुलांना क्लोमिप्रामिन देऊन पाहिलं आणि थोडा उपयोग दिसला. 1996 साली तीस स्वमग्न प्रौढांवर फ्लुव्हॉक्सामिनची चाचणी झाली. औषध घेतलेल्या पंधरांपैकी आठ जण सुधारले, रिकाम्या गोळीवर एकही नाही. आशा बळावली.

इनॉसिटॉलची गोष्ट याच वर्षांतली. इस्रायलमधल्या बीरशेबा इथे बेलमेकर आणि लेव्हाइन यांचा गट काम करत होता. इनॉसिटॉल हा साखरेसारखा गोडसर पदार्थ. शरीर तो स्वतःही तयार करतं. सेरोटोनिनचा निरोप पेशीच्या आत पोहोचवण्याच्या कामात तो लागतो, म्हणून त्यांनी मंत्रचळाच्या तेरा रुग्णांना तो दिला. रोज 18 ग्रॅम, सहा आठवडे. तेवढेच आठवडे रिकामी पूड. 1996 साली निष्कर्ष आला, की इनॉसिटॉलवर असताना मंत्रचळ कमी झाला. मी वर खरा म्हटलेला भाग तो हाच. रुग्ण फक्त तेरा, ते स्वमग्न नव्हते, आणि डोस रोज 36 कॅप्सूल भरेल एवढा. आज पीसीओएससाठी स्त्रीरोगतज्ज्ञ जे इनॉसिटॉल लिहून देतात, त्याचा डोस याच्या जवळपासही नसतो. त्यामुळे दुकानातून दिवसाला दोन कॅप्सूल नेणाऱ्या घराला त्या अभ्यासाचा आधार घेता येत नाही.

याच इस्रायली गटाने पुढच्याच वर्षी स्वमग्न मुलांवरही प्रयोग केला, हे मात्र चिठ्ठी लिहून देणारे सांगत नाहीत. नऊ मुलं, वजनाच्या दर किलोमागे 200 मिलिग्रॅम इनॉसिटॉल, आणि तुलनेला रिकामी पूड. उपयोग शून्य. 1999 साली मंत्रचळाच्या दहा रुग्णांना चालू औषधाबरोबर इनॉसिटॉल जोडून दिलं. तिथेही फरक पडला नाही. ज्यांनी आशा दाखवली त्यांनीच ती तपासली आणि हाती आलं ते प्रामाणिकपणे छापलं. विज्ञानाकडून मला हीच अपेक्षा आहे. फक्त 1996 चा कागद जगभर फिरला आणि 1997 चा फायलीत राहिला.

1995 साली येल विद्यापीठातल्या मॅकडूगल आणि सहकाऱ्यांनी पन्नास स्वमग्न प्रौढ आणि पन्नास मंत्रचळाचे रुग्ण शेजारी ठेवून पाहिले होते. मंत्रचळाच्या रुग्णांत घाणीची, कुणाला इजा होण्याची भीती जास्त होती. धुणं, तपासणं, मोजणं जास्त होतं. स्वमग्न लोकांत रचणं, साठवणं, तेच सांगणं आणि विचारणं, स्पर्श करणं, टकटक करणं जास्त होतं. म्हणजे भाऊ वाटणारी ही दोन दुखणी बरीच वेगळी होती. काही स्वमग्न लोकांना मात्र खराखुरा मंत्रचळही असतो. आमच्या विनूची खोक्यांची मांडणी ही त्याची स्वमग्नता आणि गॅसचं बटण हा त्याचा मंत्रचळ, हे मला हा अभ्यास वाचल्यावर नीट कळलं.

या फरकाचा कस 2009 साली लागला. अमेरिकेतल्या सहा केंद्रांत 149 स्वमग्न मुलांना त्यांच्या पुन्हा पुन्हा करण्यासाठी बारा आठवडे सिटालोप्राम किंवा रिकामं पातळ औषध दिलं. सिटालोप्राम घेतलेल्यांपैकी 32.9 टक्के सुधारले, रिकामं औषध घेतलेल्यांपैकी 34.2 टक्के. चळवळेपणा, झोप न येणं हे दुष्परिणाम मात्र औषधाच्या बाजूला जास्त. ही चाचणी पर्यायी उपायांची नव्हती, आमच्या कपाटातल्या रीतसर औषधाची होती. म्हणून मी सगळ्यांना सांगते, की ‘नैसर्गिक’ आणि ‘इंग्रजी’ असा झगडाच इथे नाही. कसोटी दोघांना एकच आहे.

मधल्या काळात सिक्रिटिनची लाट येऊन गेली. हे लहान आतड्यातलं संप्रेरक. 1902 साली लंडनमध्ये बेलिस आणि स्टार्लिंग यांनी ते शोधलं. माणसाला कळलेलं हे पहिलं संप्रेरक. मेरीलँडमध्ये पोटाच्या तपासणीसाठी ते डुकराच्या आतड्यातून काढून टोचलं जायचं. त्या तपासणीनंतर तीन स्वमग्न मुलं बोलू लागली, नजर देऊ लागली, असा अहवाल 1998 साली आला आणि त्याच वर्षी दूरचित्रवाणीवर ती गोष्ट दाखवली गेली. काही आठवड्यांत अमेरिकेतला साठा संपला. 1999 च्या डिसेंबरात साठ मुलांवरच्या चाचणीचा निकाल लागला. एका गटाला सिक्रिटिन, दुसऱ्याला मिठाचं पाणी. दोन्ही गट सारखेच सुधारले. हा निकाल सांगितल्यानंतरही त्या चाचणीतल्या 69 टक्के पालकांना आपल्या मुलासाठी सिक्रिटिन हवंच होतं. या आकड्यावर मी बराच विचार केला आहे. त्या पालकांना मी भोळे म्हणणार नाही. त्यांच्यासमोर दुसरं काहीच ठेवलं नव्हतं.

यापुढची घटना सांगणं मला सोपं नाही. शरीरातला पारा स्वमग्नतेला कारणीभूत आहे असा दावा पसरला आणि तो काढण्यासाठी धातू पकडणारी औषधं, म्हणजे किलेशन, सुरू झाली. 2005 च्या ऑगस्टमध्ये पेनसिल्व्हेनियात एका पाच वर्षांच्या स्वमग्न मुलाला हे इंजेक्शन दिलं गेलं आणि तो दगावला. दुकानदाराच्या नजरेने त्या दोन नावांकडे पाहा: ‘कॅल्शियम डायसोडियम ईडीटीए’ आणि ‘डायसोडियम ईडीटीए’. पहिलं शिसं अंगात भिनल्यावर वापरतात; त्यात कॅल्शियम आधीच भरलेलं असतं, त्यामुळे रक्तातल्या कॅल्शियमला ते हात लावत नाही. दुसऱ्यात ते नसतं. ते रक्तातलंच कॅल्शियम पकडतं, आणि कॅल्शियम एकदम उतरलं की हृदय थांबतं. त्या मुलाला दुसरं दिलं गेलं होतं. पाऱ्याचा दावा तर आधीच पोकळ होता. 2008 साली अमेरिकेच्या सरकारी संस्थेने किलेशनची ठरवलेली चाचणीसुद्धा रद्द केली, कारण मुलांना धोक्यात घालण्याइतका लाभ तिला दिसेना.

आपल्याकडे काय चाललं होतं? वेखंड होतं. बाळगुटीत हिरडा, मुरुडशेंग, हळकुंड, जायफळाबरोबर वेखंडाचा वेढा सहाणेवर उगाळायचा आणि चाटवायचा. वाचा फुटायला वेखंड, ही आज्जीची खात्री. विनूला ते वर्षानुवर्षं चाटवलं. वेखंडाच्या काही जातींत बीटा-असरोन नावाचं द्रव्य असतं. प्राण्यांवरच्या प्रयोगांत ते घातक ठरलं, आणि त्यामुळे 1968 साली अमेरिकेने वेखंड खाण्याच्या पदार्थांत घालायला मनाई केली. बाळाला एखादा वेढा चाटवणं वेगळं आणि मोठ्या मुलाला महिनोन्‌महिने चूर्ण देणं वेगळं. दुसऱ्या गोष्टीला मी स्पष्ट नाही म्हणते.

याहून वाईट होतं ते अंगारे, उतारे आणि मार. मूल बोलत नाही, एकटंच हात हलवत बसतं, एकच शब्द घोकतं, म्हणजे बाहेरचं लागलंय, असं ठरवून त्याला देवऋषाकडे नेलं जायचं. डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी या अघोरीपणाविरुद्ध कायदा व्हावा म्हणून वर्षानुवर्षं झगडा केला. 20 ऑगस्ट 2013 रोजी पुण्यात त्यांचा खून झाला आणि त्याच वर्षी महाराष्ट्राचा कायदा झाला. भूत उतरवण्याच्या नावाखाली माणसाला दोरीने किंवा साखळीने बांधणं, काठीने मारणं, मिरचीची धुरी देणं हा त्यात गुन्हा आहे. स्वमग्न मुलाच्या आईबापांनी हा कायदा स्वतःचा समजावा. ज्यांना बोलून तक्रार करता येत नाही, त्यांच्या अंगावरचे वळ त्याच्यामुळे बोलतात.

अलीकडची लाट मूलपेशींची आहे आणि ती आपल्या शहरांपर्यंत आली आहे. कमरेच्या हाडातून काढलेल्या पेशी पाठीच्या मणक्यात टोचायच्या, आणि लाखांत पैसे. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या 2017 च्या मार्गदर्शक सूचना स्वच्छ आहेत: रक्ताच्या काही आजारांखेरीज मूलपेशींचा वापर मान्य उपचार नाही, तो फक्त मंजूर चाचणीतच करता येतो. 2022 साली राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या नीतिमंडळानेही स्वमग्नतेसाठी त्याची शिफारस नाकारली. आणि चाचणीत भाग घेणाऱ्याकडून पैसे घ्यायचे नसतात. कुणी पैसे मागत असेल तर ती चाचणी नाही, विक्री आहे. जमीन विकून आलेला एक बाप माझ्यासमोर बसून रडला होता. त्याला कुणीतरी ही गोष्ट विकण्याआधी सांगायला हवी होती.

मग हातात काय उरतं? पुष्कळ उरतं, आणि त्याचाही इतिहास आहे. 1966 साली लंडनमध्ये व्हिक्टर मेयर यांनी मंत्रचळाच्या दोन रुग्णांवर एक रीत वापरली: भीतीची गोष्ट समोर येऊ द्यायची आणि तिच्यावरची ठरलेली कृती थोडी थोडी थांबवायची. मंत्रचळावरचा आजचा मुख्य मानसोपचार त्यातूनच उभा राहिला. स्वमग्न लोकांसाठी ही रीत बदलून घ्यावी लागते: चित्रं, लिहिलेल्या पायऱ्या, त्यांच्या आवडीच्या विषयातली उदाहरणं, आणि भरपूर वेळ. लंडनमध्येच आयल्सा रसेल यांच्या गटाने 46 स्वमग्न तरुण आणि प्रौढांवर ती तपासली आणि 2013 साली निष्कर्ष छापला. तुलनेसाठीच्या दुसऱ्या गटाला चिंता आवरायला शिकवलं होतं. त्रास दोन्ही गटांत कमी झाला आणि दोन गटांतला फरक मोठा नव्हता. माझ्या लेखी याचा अर्थ हा, की नीट बसून, समजावून केलेली मदत स्वमग्न माणसापर्यंत पोहोचते.

विनूच्या बाबतीत सांगलीच्या एका मानसोपचारतज्ज्ञ बाईंनी हेच केलं. गॅसपाशी एक कागद लावला: बटण बंद करायचं, एकदा बघायचं, कागदावर खूण करायची, बाहेर यायचं. बाहेर आल्यावर तो घड्याळाकडे बघत थांबतो. आधी थोडी मिनिटं, मग जास्त. मी उत्तर द्यायचं नाही, फक्त शेजारी बसायचं. सुरुवातीला तो थरथरायचा. आता बहुतेक रात्री एका खुणेवर भागतं. खोक्यांच्या मांडणीला मात्र बाईंनी हात लावू दिला नाही. ‘तो त्याचा आनंद आहे, तो कशाला काढून घ्यायचा?’ असं त्या म्हणाल्या. कितीतरी उपायांनी हेच काढून घ्यायचा प्रयत्न केला होता.

टेम्पल ग्रँडिन या स्वमग्न विदुषीने अठराव्या वर्षी स्वतःसाठी अंग दाबून धरणारं यंत्र बनवलं. सावत्र वडिलांच्या बहिणीच्या अॅरिझोनातल्या गोठ्यात गुरांना टोचताना धरून ठेवण्याची चौकट असायची, त्यावरून तिला ते सुचलं. तिची घालमेल त्याने शांत व्हायची. पुढे वजनदार पांघरुणं निघाली. 2014 साली इंग्लंडमधल्या स्वमग्न मुलांवर ती तपासली तेव्हा झोप वाढल्याचं दिसलं नाही, पण मुलांना आणि पालकांना तीच पांघरुणं जास्त आवडली. आमचा विनू वैशाखातही दोन गोधड्या अंगावर घेतो. ते औषध आहे असा दावा मी करणार नाही. त्याला बरं वाटतं, अपाय नाही, पैसे लागत नाहीत. एवढं कारण मला पुरेसं आहे.

म्हणून पालकांना एक विनंती. नवा उपाय कानावर आला की तीन प्रश्न विचारा. जे थांबवायला निघालो आहोत ते मुलाला छळतंय, की फक्त आपल्याला खटकतंय? हा उपाय रिकाम्या गोळीशी ताडून पाहिला आहे का, आणि तो स्वमग्न माणसांवर का? आणि मूल आधी जे घेतंय त्याच्याशी याचं जमतं का? हा तिसरा प्रश्न हलका समजू नका. सेंट जॉन्स वॉर्ट ही वनस्पती 2005 साली मंत्रचळाच्या साठ रुग्णांवर तपासली गेली आणि निरुपयोगी ठरली. पण सेरोटोनिन वाढवणाऱ्या गोळीबरोबर ती घेतली तर ताप, थरथर आणि जिवाला धोका होऊ शकतो. मुलाला देताय ती प्रत्येक डबी, प्रत्येक पुडी, प्रत्येक काढा डॉक्टरांसमोर ठेवा आणि दुकानदारालाही दाखवा. दुकानदाराला हे विचारायला पैसे पडत नाहीत, आणि सांगणं हे आमचं कामच आहे.